वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन : सेंघेनिधच्या मृतांचा माग काढणाऱ्याच्या नजरेतून

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन’ ही सेवा मी बऱ्याच काळापासून मुख्यतः एकाच कामासाठी वापरत आलो आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी दक्षिण वेल्समधल्या सेंघेनिध येथील युनिव्हर्सल कोळसा खाणीत जी माणसे मेली, त्यांच्यातल्या एकेकाची शक्य तितकी खात्रीलायक माहिती गोळा करणे, हे ते काम. सेवा जुन्या वर्तमानपत्रांची आहे, खाणींची नाही. त्यामुळे प्रस्तुत परीक्षण सर्वसाधारण वाचकाच्या सोयी-गैरसोयींचे नसून, दुर्घटनेतल्या मृतांचा शोध घेणाऱ्याला ती कुठवर साथ देते आणि कुठून पुढे त्याला स्वतःच्या पायांनी चालावे लागते, एवढ्यापुरतेच आहे.

आधी घटनेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सेवेचे गुणदोष त्या घटनेच्या तपशिलांवर घासूनच कळतात. सेंघेनिध हे केरफिलीच्या वायव्येला, आबेर खोऱ्याच्या वरच्या टोकाला वसलेले गाव आहे आणि ते वाढले ते खाणीमुळेच. लँकॅस्टर आणि यॉर्क अशी नावे असलेले दोन खोल शाफ्ट खणण्याचे काम १८९१ मध्ये सुरू झाले आणि १८९६ पासून कोळसा वर येऊ लागला. २४ मे १९०१ रोजी तेथे पहिला मोठा स्फोट झाला आणि ८१ जण मरण पावले. बारा वर्षांनी, मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, सकाळच्या पाळीचे सुमारे ९५० लोक खाली असताना दुसरा स्फोट झाला. साचलेला ज्वालाग्राही वायू पेटला, बहुधा विजेच्या घंटेच्या तारेतून उडालेल्या ठिणगीने, आणि त्याच्या धक्क्याने उडालेली कोळशाची धूळ पेटत पेटत आग बोगद्यांतून धावत गेली. खाणीतले ४३९ कामगार मेले आणि बचावकार्यातला एक जण दरड अंगावर येऊन गेला. ब्रिटनच्या इतिहासात कोळसा खाणीतली याहून मोठी दुर्घटना झालेली नाही. मृतांपैकी साठ जण वीस वर्षांच्या आतले होते, आठ जण तर अवघे चौदा वर्षांचे. २०५ स्त्रिया विधवा झाल्या आणि ५४२ मुलांच्या डोक्यावरचे पित्याचे छत्र गेले.

या सगळ्यांची नावे आज अनेक ठिकाणी सहज मिळतात. परंतु यादीतले नाव म्हणजे बहुधा एक आडनाव, एक पहिले नाव, वय आणि फार तर रस्त्याचे नाव. तो माणूस कुठून आला होता, त्याच्या घरी कोण होते, त्याच्यावर कोण अवलंबून होते, त्याचे दफन केव्हा आणि कोणाच्या उपस्थितीत झाले, हे यादी सांगत नाही. जुन्या वर्तमानपत्रांची खरी गरज येथे लागते.

सेवेचे स्वरूप असे आहे. वेल्समध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १२० नियतकालिकांची अकरा लाखांहून अधिक पाने येथे छायाप्रतींच्या रूपात पाहता येतात. स्वान्झीहून १८०४ मध्ये निघू लागलेल्या ‘द केंब्रियन’पासून थेट १९१९ पर्यंतचा हा संग्रह आहे. इंग्रजी आणि वेल्श या दोन्ही भाषांतली पत्रे त्यात आहेत, आणि संकेतस्थळही दोन्ही भाषांत वापरता येते. शुल्क नाही, सदस्यत्व नाही, आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पाने उघडतात. वंशावळीच्या धंद्यात प्रत्येक पानामागे पैसे मोजण्याची सवय झालेल्या माणसाला ही गोष्ट सुरुवातीला खरी वाटत नाही. शिवाय येथे संपूर्ण पानच नव्हे, तर त्यातला प्रत्येक मजकूर वेगळा ओळखलेला आहे, म्हणजे शोधाचा निकाल म्हणून आठ स्तंभांचे अख्खे पान अंगावर न येता नेमकी ती बातमी समोर येते. तिच्यावर टिचकी मारली की ती मूळ पानावर जिथे छापली होती तिथे उघडते आणि यंत्राने वाचलेला मजकूरही शेजारी दिसतो. वर्ष, वर्तमानपत्र, भाषा आणि मजकुराचा प्रकार यांचे फिल्टर लावता येतात. बातम्या, जाहिराती, कौटुंबिक सूचना आणि तपशीलवार याद्या अशी विभागणी आहे, आणि मृतांच्या शोधात यांतल्या शेवटच्या दोन प्रकारांचे मोल फार मोठे ठरते.

पहिली अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. सेंघेनिधच्या स्पेलिंगमध्ये काही पत्रे एकच ‘एन’ वापरतात, काही दोन, आणि इतर चुकीची रूपेही छापलेली असतात. त्यात भर यंत्रवाचनाची. शंभर वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या छपाईच्या खिळ्यांनी, हलक्या कागदावर छापलेली पाने यंत्राने वाचायची म्हटले की ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे चिकटून ‘एम’ होतात आणि अंकांचा तर काही भरवसाच राहत नाही. हा दोष या एका सेवेचा नव्हे, जुनी वर्तमानपत्रे यंत्राकडून वाचून घेणाऱ्या सगळ्याच संग्रहांचा आहे. पण मृताचे वय किंवा घरक्रमांक शोधणाऱ्याने तो सतत ध्यानात ठेवला पाहिजे. त्यामुळे केवळ गावाचे नाव टाकून बसू नये. खाणीचे नाव, रस्त्याचे नाव, माणसाचे आडनाव, दफनभूमीचे नाव अशा निरनिराळ्या बाजूंनी वेढा घालावा, आणि वेल्श पत्रांसाठी इंग्रजी शब्दाऐवजी ‘तानख्वा’ हा स्फोटासाठीचा वेल्श शब्द वापरावा. हा एक शब्द टाकल्याने इंग्रजी शोधात कधीच न येणारी पाने उघडतात.

वेल्श आडनावांचा प्रश्न याहून बिकट आहे. जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, विल्यम्स, थॉमस या मूठभर आडनावांत दक्षिण वेल्सचा निम्मा प्रदेश सामावलेला दिसतो, आणि पहिली नावेही तितकीच मोजकी. एखादा जॉन डेव्हिस घेतला तर तो कोणता, हे नावावरून ठरणे अशक्यच असते. येथे मला जी पद्धत उपयोगी पडली ती सांगतो. शोधाची मुदत ऑक्टोबर १९१३ ते डिसेंबर १९१४ एवढीच ठेवायची. प्रथम आडनाव आणि रस्ता एवढेच शब्द टाकायचे, पहिले नाव मुद्दाम गाळायचे, कारण वार्ताहर ते बरेचदा आद्याक्षराने लिहितात. कमर्शियल स्ट्रीट किंवा हाय स्ट्रीट असा पत्ता जुळला की त्या बातमीत त्याच घरातले दुसरे कोणी नाव येते का ते पाहायचे. बारा घरांतून बाप आणि मुलगा असे दोघे गेले, दहा घरांतून दोन दोन मुलगे; त्यामुळे जोडीचे नाव सापडले तर ओळख पक्की होण्याची शक्यता एकदम वाढते. मग ते दुसरे नाव घेऊन उलट्या दिशेने पुन्हा शोधायचे. काम वेळखाऊ आहे, परंतु फिल्टर इतके चपळ आहेत की कंटाळा सेवेचा येत नाही, आला तर आडनावांचा येतो.

पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांत हीच पद्धत कमी पडते. १९०१ च्या स्फोटाने विधवा झालेल्या एका स्त्रीचा पती, दोन मुलगे, भाऊ आणि घरातला भाडोत्री असे पाच जण १९१३ मध्ये गेले. अशा घरात मुलांचे आडनाव सावत्र बापाहून वेगळे असू शकते, भाऊ तिच्या माहेरच्या आडनावाचा असतो, आणि भाडोत्र्याचे तर कोणतेच नाते नसते. मृतांच्या वर्णानुक्रमी यादीत हे पाच जण पाच ठिकाणी विखुरतात आणि त्यांना एकत्र बांधणारी स्त्री यादीत कुठेच नसते. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बहुधा वर्तमानपत्रातल्या परिच्छेदातूनच जातो, कारण वार्ताहर घराघरांतून हिंडत होते आणि एका छपराखालचे सगळे दुःख एकत्र लिहीत होते.

मृतांचा आकडा कसा बनत गेला, हे पाहायला या संग्रहासारखे दुसरे साधन नाही. स्वान्झीचे ‘केंब्रिया डेली लीडर’ हे दैनिक दिवसागणिक वाचले, आणि त्याच्याशेजारी ‘ग्लॅमॉर्गन गॅझेट’ किंवा ‘ॲबरडेअर लीडर’ यांसारखी साप्ताहिके ठेवली, की आकडा वर-खाली होताना दिसतो. खाली किती उतरले होते, खाणीच्या पश्चिमेकडच्या भागात किती होते, जिवंत किती निघाले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दर अंकात बदलते. साप्ताहिकाचा मजकूर जुळून छापला जाईपर्यंत दैनिक पुढे गेलेले असते, म्हणून साप्ताहिकातली यादी दैनिकाहून नंतरच्या तारखेची असूनही जुनी असू शकते. पहिल्या दिवसांतल्या याद्यांत जिवंत माणसांची नावे मृतांत पडलेली असणे आणि मृतांची नावे सुटलेली असणे, हे दोन्ही गृहीत धरूनच त्या वाचाव्यात. आजही काही ठिकाणी ४३९ आणि काही ठिकाणी ४४० असा जो फरक दिसतो, तो मात्र वार्ताहरांच्या गोंधळाचा नाही; बचावकार्यात मेलेल्याला मोजायचे की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. माझ्या मते मोजलेच पाहिजे.

मला सगळ्यांत अधिक मिळाले ते अनपेक्षित बाजूने, म्हणजे उत्तर वेल्सच्या वेल्श भाषेतल्या पत्रांतून. सेंघेनिधच्या खाणीत काम करणारे सगळे त्या खोऱ्यातले नव्हते. कोळशाच्या मजुरीसाठी दुरून आलेले पुष्कळ होते, आणि पेनरिनच्या स्लेटच्या खाणींत १९०० ते १९०३ असा दीर्घ संघर्ष चालला, तेव्हा तिकडच्या कितीतरी खाणकामगारांनी दक्षिणेची वाट धरली होती. असा माणूस सेंघेनिधमध्ये भाडोत्री म्हणून राहत असेल, तर दक्षिणेकडच्या इंग्रजी दैनिकाला त्याच्याविषयी ‘भाडोत्री’ यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. त्याच्या मूळ गावच्या साप्ताहिकात मात्र, ॲंगलसीच्या ‘अ क्लोरियानिध’सारख्या पत्रात, तो कोणाचा मुलगा, कोणत्या चॅपलचा सदस्य, अशा ओळखीने त्याचा शोध घ्यावा लागतो. वेल्श न येणाऱ्याने हात आखडण्याचे कारण नाही. यंत्रवाचलेला मजकूर उचलून भाषांतराच्या साधनात टाकला की निदान नातेसंबंध आणि गावे कळतात. अर्थात त्या भाषांतरावर विसंबून काही छापू नये, जाणकाराकडून तपासून घ्यावे. ॲबरडेअरहून निघणारे ‘तारिअन अ ग्वेइथिउर’ हे कामगारवर्गाचे वेल्श पत्रही या कामी चाळण्यासारखे आहे.

शोधचौकटीचा एक तोटा असा की ती बातमीला तिच्या शेजाऱ्यांपासून तोडते. म्हणून एकदा तरी शोध सोडून त्या आठवड्याचे अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळावेत. तारखेवरून अंक उघडण्याची सोय आहेच. अटलांटिकमध्ये ९ ऑक्टोबरला पेटलेल्या ‘व्होल्टर्नो’ जहाजाच्या बातम्या अजून संपलेल्या नव्हत्या. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये राजघराण्यातल्या प्रिन्स आर्थर ऑफ कॅनॉटचे लग्न होते. १७ तारखेला जर्मनीत एक झेपेलिन (वायुजहाज) हवेतच स्फोट होऊन कोसळले. सेंघेनिधची दुर्घटना इतकी मोठी असूनही देशाच्या लक्षातून किती लवकर सरकली असेल, याचा अंदाज या गर्दीवरून येतो. लग्नाच्या आहेरांचे प्रदर्शन भरवून त्याच्या तिकिटाचे पैसे मदतनिधीला देण्यात आले, ही गोष्ट मात्र दोन्ही बातम्यांना जोडते, आणि ती वाचताना काय वाटावे हे माझे अजून ठरलेले नाही.

कौटुंबिक सूचनांचा फिल्टर लावून ऑक्टोबर १९१४ कडे वळणे हा आणखी एक लाभाचा मार्ग आहे. वर्षश्राद्धासारख्या या छोट्या सूचना पैसे देऊन छापल्या जात, त्यामुळे त्यांतले शब्द वार्ताहराचे नसतात, घरच्यांचे असतात, आणि खाली ‘पत्नी व मुले’ किंवा ‘आई’ अशी सही असते. कोण मागे राहिले आणि वर्षभरानंतर ते कुठल्या गावी होते, हे दोनच ओळींत कळते. तोवर महायुद्ध सुरू होऊन दोन महिने उलटले होते आणि स्तंभच्या स्तंभ नव्या मृतांनी भरू लागले होते, हेही त्याच पानावर दिसते. सगळ्यांना सूचना छापणे परवडत नव्हते, हे अर्थातच विसरता कामा नये. जो येथे सापडत नाही त्याची कोणाला आठवण नव्हती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

चौकशीचा आणि खटल्याचा भाग या सेवेवर सलग वाचता येतो, आणि तो वाचल्यावाचून मृतांविषयी लिहू नये असे माझे मत आहे. खाणींचे मुख्य निरीक्षक रिचर्ड रेडमेन यांच्या अध्यक्षतेखाली २ जानेवारी १९१४ पासून कार्डिफमध्ये चौकशी झाली. १९११ च्या कोळसा खाण कायद्याने हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल असे पंखे बसवणे बंधनकारक केले होते. युनिव्हर्सल खाणीला त्यासाठी सप्टेंबर १९१३ पर्यंत वाढीव मुदत मिळाली होती, आणि स्फोटाच्या दिवशी ते काम झालेले नव्हते. धुळीची साफसफाई, हवेची मोजणी, वायू असलेल्या ठिकाणी विजेची उपकरणे अशा इतर बाबींतही हयगय दिसून आली. व्यवस्थापकावर कायदाभंगाचे सतरा आरोप ठेवले गेले, कंपनीवर चार. व्यवस्थापकाला झालेला एकूण दंड होता २४ पौंड; कंपनीला अपिलानंतर १० पौंड आणि खर्च. २४ पौंडांना ४४० ने भागले तर माणशी तेरा पेन्सच्या आसपास येतात (तेव्हा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे), आणि हा हिशेब त्या काळच्या एका पत्राने मथळ्यात मांडला होता : प्रत्येक जिवाला एक शिलिंग सव्वा पेनी. मर्थरचे मजूरपक्षीय ‘पायोनियर’ आणि ‘लाइस लावर’ ही कामगारांच्या बाजूची पत्रे संग्रहात आहेत. त्यांचे स्तंभ आणि इतर पत्रांचे स्तंभ समोरासमोर ठेवले की एकाच निकालाकडे पाहण्याच्या दोन रीती दिसतात. ही तुलना एका पडद्यावर, फुकट आणि काही मिनिटांत करता येणे ही या सेवेची फार मोठी देणगी आहे.

आता मर्यादा. संग्रह १९१९ पर्यंतचाच असल्यामुळे अनाथ मुलांचे आणि विधवांचे पुढे काय झाले, १९२८ मध्ये खाण बंद पडल्यावर गाव कुठे गेले, हे येथे मिळणार नाही. प्रत्येक पत्राचे प्रत्येक वर्ष उपलब्ध असेलच असेही नाही, म्हणून ‘सापडले नाही’ असे लिहिण्याआधी त्या पत्राची कोणती वर्षे संग्रहात आहेत हे यादीत पाहून घ्यावे. परंतु याहून मोठी मर्यादा वर्तमानपत्र या माध्यमाचीच आहे. वार्ताहराला जे कुटुंब सर्वांत करुण वाटले त्याच्यावर स्तंभभर मजकूर येतो आणि शेजारच्या घराला अर्धी ओळ. एकटा राहणारा, इंग्रजी न बोलणारा, नुकताच आलेला माणूस या नजरेतून सुटतो. चरित्रटिपणांची लांबी त्यामुळे असमान होते आणि ती असमानता भरून काढायला दुसऱ्या साधनांकडे जावेच लागते.

त्यांत पहिले साधन म्हणजे २ एप्रिल १९११ ची जनगणना. तिचे घरोघरचे फॉर्म कुटुंबप्रमुखांनी स्वतः भरलेले जपून ठेवले गेले आहेत, म्हणजे अडीच वर्षांनी मेलेल्या कित्येकांचे हस्ताक्षर आणि सही त्यांवर आहे. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती उरली, आणि वेल्समध्ये कोणती भाषा बोलतात, असे सारे त्यात विचारले होते. वर्तमानपत्रातला अंदाजाने छापलेला ‘सहा मुलांचा बाप’ येथे तपासता येतो. दुसरे साधन १९२१ ची जनगणना. तिच्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांबाबत आई-वडील हयात आहेत की नाहीत, अशी वेगळी नोंद मागितली होती. स्फोटाच्या वेळी सात वर्षांच्या आत असलेली मुले त्या रकान्यात येतात, आणि एका छोट्या खुणेने १९१३ चा धागा पुन्हा हाती लागतो. या दोन्हींसाठी बहुतेकांना पैसे मोजावे लागतात. तिसरे साधन मृत्यूचे दाखले. तेही सशुल्क, पण वय आणि नावाचे अधिकृत रूप यांसाठी त्यांना पर्याय नाही.

सशुल्क वंशावळ संकेतस्थळांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. अशाच एका संकेतस्थळावर मला एकाच नावाचे दोन वेगळे मृत एका माणसात मिसळलेले आढळले. एकाचे जन्मगाव, दुसऱ्याची बायको, आणि मुले दोघांचीही. ती वंशावळ पुढे कितीतरी सदस्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती, त्यामुळे चूक बहुमताने सिद्ध झाल्यासारखी दिसत होती. दुरुस्तीसाठी कळवले, तर ‘ही माहिती सदस्यांची आहे’ असे ठोकळेबाज उत्तर आले. ग्रंथालयाच्या वर्तमानपत्र सेवेत निदान असे कोणी मधे नसते. पान आहे तसे समोर असते, आणि त्यातली चूक ही त्या काळच्या वार्ताहराची चूक म्हणून ओळखता येते.

गोळा केलेली माहिती स्मारकाशी ताडून पाहायची असेल तर सेंघेनिधलाच जावे. खाणीच्या जुन्या जागी उभ्या राहिलेल्या शाळेसमोर १९८१ मध्ये नॅशनल कोल बोर्डाने शाफ्टमधून माणसे आणि कोळसा वर-खाली नेणाऱ्या चाकाच्या रचनेची प्रतिकृती बसवली. शताब्दीच्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, त्याच परिसरात वेल्सच्या राष्ट्रीय खाण स्मारकाचे अनावरण झाले. लेस जॉन्सन यांचा कांस्य पुतळा, बचावकर्ता आणि त्याने सावरलेला खाणकामगार, मध्यभागी आहे. भोवतालच्या भिंतीवर दोन्ही स्फोटांतल्या प्रत्येक मृताची स्वतंत्र फरशी लावलेली आहे, आणि बागेतली वाट वेल्समधल्या इतर खाणदुर्घटनांना वाहिलेली आहे. १९०१ आणि १९१३ च्या फरशा एकाच भिंतीत आल्यामुळे, कागदावर वेगळ्या वाटणाऱ्या दोन घटना एकाच गावाच्या होत्या हे तेथे एकदम लक्षात येते. स्थानिक वारसा मंडळाच्या पुढाकाराने हे काम उभे राहिले, ते त्याच्या तपशिलातल्या काळजीवरून जाणवते. मात्र फरशीवर मावते तेवढेच लिहिता येते, आणि पुढचे शोधायला माणूस पुन्हा ग्रंथालयाच्या पानांकडेच येतो.

नवख्याने सुरुवात करताना एकदम चारशे चाळीस नावे हाती घेऊ नयेत. एक रस्ता घ्यावा, त्यावरची घरे घ्यावीत, आणि प्रत्येक माहितीपुढे वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान टिपत जावे. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण दोन पत्रांत दोन वये निघाली की तिची किंमत कळते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने स्वतःशी आधीच ठरवून घ्यावी. खाणीतली आग आठवडेच्या आठवडे धुमसत राहिल्यामुळे मृतदेह वर यायला फार वेळ लागला, आणि बरेचसे कपड्यांवरून, बुटांवरून किंवा खिशातल्या वस्तूंवरून ओळखावे लागले. मृतदेहांच्या अवस्थेविषयी त्या काळच्या पत्रांनी हात राखून लिहिलेले नाही, आणि शोधचौकट ते वर्णन नातवाला किंवा पणतीलाही तितक्याच सहजतेने दाखवते. ओळख कोणी आणि कशावरून पटवली, एवढे मी टिपणात घेतो, कारण त्यावरून नाते सिद्ध होते. बाकीचा मजकूर मी स्मृतिलेखात उतरवत नाही; ज्याला तो वाचायचाच असेल त्याच्यासाठी पत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक खाली दिलेला असतो.